डॉक्टर आधी बोलत का नाहीत?

आपल्या जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही दवाखान्यात तासभर बसून पाहा. अकरा-बारा वर्षांच्या मुलीला ताप आला म्हणून आई घेऊन येते. डॉक्टर घसा पाहतात, गोळ्या लिहितात, रक्त कमी दिसतंय म्हणून लोहाचं औषध देतात, पालेभाजी खायला सांगतात. फार झालं तर आईला बाजूला घेऊन पाळी सुरू झाली का, एवढं विचारतात. पण "या वयात एक लस द्यायची असते, तिच्यामुळे पुढे गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर टळतो", हे वाक्य काही केल्या ऐकू येत नाही. एखाद्या आईने कुठेतरी वाचून, ऐकून स्वतःहून विचारलं, तर उत्तर मिळतं, "हो, आहे तशी लस. द्यायची असेल तर देऊ."

या "द्यायची असेल तर"बद्दल मला आज लिहायचं आहे. गोवरच्या लशीबद्दल कोणी असं म्हणत नाही. कुत्रा चावला तर कोणी "इंजेक्शन घ्यायचं असेल तर घ्या" म्हणत नाही. तिथे डॉक्टर सांगतात आणि आपण ऐकतो. मग इथेच हा निवडीचा मामला कसा झाला?

आधी ज्यांना या विषयाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांना याच शोधासाठी २००८ साली नोबेल मिळालं. विषाणूचे प्रकार शंभराहून जास्त आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार मिळून दहातल्या सात कॅन्सरना कारण ठरतात. संसर्ग शरीरसंबंधातून होतो आणि तो इतका सर्रास आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकींचं शरीर तो दोनेक वर्षांत घालवून टाकतं. काहींमध्ये तो चिकटून राहतो आणि दहा-पंधरा-वीस वर्षांनी कॅन्सर होतो. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख बायकांना हा कॅन्सर होतो आणि ऐंशी हजारांच्या आसपास बायका त्याने मरतात. स्तनांच्या कॅन्सरनंतर आपल्या देशातल्या बायकांमध्ये याचाच क्रमांक लागतो.

लस संसर्ग होण्याच्या आधी दिली तरच तिचा पुरेपूर उपयोग होतो, म्हणून वय ९ ते १४ सांगितलं जातं. संसर्ग झाल्यावर ती औषध म्हणून चालत नाही. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं. २०२४ च्या जानेवारीत स्कॉटलंडची आकडेवारी आली. तिथे बारा-तेराव्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही नोंद सापडली नाही.

आणि ही लस आता आपल्याच जिल्ह्यात तयार होते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या 'सर्व्हावॅक'ला जुलै २०२२ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२३ च्या सुरुवातीला ती बाजारात आली. दोन डोसांच्या कुपीची किंमत तेव्हा २००० रुपये होती. परदेशी कंपन्यांच्या लशी त्याआधी दीड दशकापासून मिळत होत्या, पण त्यांचा एकेक डोस काही हजारांचा. १ फेब्रुवारी २०२४ ला अर्थमंत्र्यांनी अंतरिम अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देऊ असं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईतल्या एका नटीने याच कॅन्सरने आपण मेल्याची खोटी बातमी पसरवली आणि तिसऱ्या दिवशी जागृतीसाठी केलं म्हणून सांगितलं. दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर 'सर्व्हायकल कॅन्सर' होता. मग तो गेला.

त्यानंतरच्या काही महिन्यांत मी ओळखीच्या डॉक्टरांशी, सिस्टरांशी, आशाताईंशी या विषयावर बोलत राहिलो. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव. हा काही अभ्यास नाही. मी पत्रक भरून घेतलेलं नाही. चहा पिता पिता झालेल्या गप्पा आहेत. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी होती. लशीला विरोध करणारं कोणीही भेटलं नाही. सगळ्यांना लस चांगली वाटते. दोघा-तिघांनी स्वतःच्या मुलींना दिलेली आहे. आणि तरी पेशंटला स्वतःहून सांगणारे जवळजवळ नाहीत.

नारायणगावच्या एका जुन्या जनरल डॉक्टरांनी मला स्पष्टच सांगितलं, "सर, मी सांगितलं आणि लस दिली. दुसऱ्या दिवशी पोरीला चक्कर आली, तर पन्नास माणसं दवाखान्यापुढे उभी राहतील. सरकारी लशीत काही झालं तर सरकार आहे. इथं मी एकटा आहे." ही भीती खोटी नाही. या वयातल्या मुलींना कुठल्याही इंजेक्शननंतर भोवळ येते. म्हणूनच लस दिल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं असतं. पण ते पंधरा मिनिटांचं समजावून सांगण्यापेक्षा विषयच न काढणं सोपं पडतं.

मंचरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंचं उत्तर वेगळं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे मुलगी येते ती लग्न झाल्यावर, दिवस गेले की नाही ते बघायला. तेव्हा या लशीची योग्य वेळ निघून गेलेली असते." बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "पाच वर्षांच्या बूस्टरनंतर माझ्याकडे कोणी लशीसाठी येत नाही. कार्डसुद्धा घरात सापडत नाही." या दोघांच्या बोलण्यातून मला जे दिसलं ते त्यांनाही कदाचित कोणी सांगितलं नसेल. बाळाला एक डॉक्टर आहे, बाळंतिणीला एक डॉक्टर आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला डॉक्टरच नाही. ती ताप-खोकल्याला कोपऱ्यावरच्या बीएचएमएस, बीएएमएस डॉक्टरकडे जाते, आणि त्यांच्यापैकी बरेच जण शिकत होते तेव्हा ही लस भारतात आलेलीच नव्हती. नंतर कोणी येऊन शिकवलं? औषध कंपन्यांचे प्रतिनिधी मोठ्या शहरांतल्या स्पेशालिस्टांकडे जातात.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला काम करणाऱ्या एका आशाताईने तर हसून विषय संपवला. "भाऊ, वरून आल्याशिवाय आम्ही कसं बोलणार? ट्रेनिंग नाही, रजिस्टरला रकाना नाही." रकाना नसेल तर काम नाही, हे तिचं म्हणणं सरकारी खात्यात काम केलेल्या कोणालाही पटेल.

आता पैशाचं. "दोन हजार रुपये कुठून आणतील बिचारे" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं. म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण मला ते खटकतं. याच भागात टोमॅटोचा भाव पडला तरी लग्नात मंडप पडतो, पोराला मोबाइल घेतला जातो, आणि त्याच डॉक्टरांकडे तापासाठी सलाईन लावून आठशे-हजार रुपये दिले जातात. ज्यांच्याकडे खरोखर नाहीत असेही लोक आहेत, पुष्कळ आहेत. कातकरी वस्तीवरच्या आईला दोन हजार सांगणं ही क्रूर चेष्टाच होईल, तिच्यासाठी सरकारी लसच हवी. पण प्रत्येकाच्या खिशाचा अंदाज डॉक्टरने मनातल्या मनात करायचा आणि त्या अंदाजावर मुलीची लस ठरवायची, हा अधिकार त्यांना कोणी दिला? तुम्ही सांगा, किंमत सांगा, सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस आहेत तेही सांगा. उसनवारी करायची, भिशीतून काढायचे की नाही म्हणायचं, ते आईबाप बघतील.

पैशाच्या मागे खरं कारण लपलेलं आहे, आणि ते लाज आहे. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. हे बारा वर्षांच्या पोरीच्या बापासमोर कसं बोलायचं? एक डॉक्टर म्हणाले, "मी तोंड उघडलं की बाप विचारणार, माझ्या मुलीला याची गरज काय? तुम्हाला काय वाटलं ती कशी आहे?"

माझं म्हणणं असं की हा प्रश्न आपण कावीळ ब च्या लशीला कधी विचारला नाही. कावीळ ब चा विषाणूही रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरतो. त्यानेही पुढे यकृताचा कॅन्सर होतो. त्याची लस सरकारी दवाखान्यात बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत टोचतात. एका दिवसाच्या बाळाच्या चारित्र्याबद्दल कोणत्याही बापाने डॉक्टरशी भांडण केल्याचं मी ऐकलेलं नाही. कारण डॉक्टरने सांगताना ती काविळीची लस म्हणून सांगितली. तसं ही कॅन्सरची लस म्हणून सांगता येते, आणि त्यात खोटं काही नाही. बाकीचं कोणी विचारलं तर खरं उत्तर द्यावं. मुलगी लग्नाआधी कशीही वागो वा न वागो, तिचं एक दिवस लग्न होणार आहे आणि नवऱ्याकडून संसर्ग यायला तिचा काहीही दोष लागत नाही. पुरुषांना या विषाणूचा सहसा काही त्रास होत नाही, ते नुसते वाहून नेतात. सर्व्हावॅकला ९ ते २६ वयाच्या मुलग्यांसाठीही परवानगी आहे, हे तर आपल्याकडे कोणी उच्चारतही नाही.

इथे आपल्या समाजाविषयी बोलावं लागेल. एका डॉक्टरांनी, मी ज्यांना वीस वर्षं ओळखतो आणि ज्यांच्या मनात काही काळंबेरं नाही याची मला खात्री आहे, मला विचारलं, "तुमच्यात चालेल का हो हे? मी मुस्लिम पेशंटला सांगायला जरा कचरतो." म्हणजे आमच्या मुलींच्या बाबतीत गप्प बसण्याचं एक जादा कारण. ठाकर, महादेव कोळी कुटुंबांबद्दलही असंच ठरवून टाकलेलं मी ऐकलं, की त्यांना समजणार नाही. विचारलं कोणी? विचारून नकार मिळाला असता तर तो नकार तरी असता.

कचरण्यामागे काहीच नाही असं मी म्हणणार नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली तेव्हा "मुलं बांझ होतील" अशा व्हॉट्सॅप अफवा आपल्याच मोहल्ल्यांत फिरल्या आणि काही उर्दू शाळांत पालकांनी मुलं पाठवली नाहीत. चार वर्षांनी, २०२२ च्या हिवाळ्यात, गोवंडीत गोवरने मुलं दगावली. भिवंडी-मालेगावातही साथ होती. हे आपण विसरू नये. पण पोलिओचंही आठवावं. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या मुस्लिम वस्त्यांत दारं बंद होत होती. मग घरोघरी जाणाऱ्या बायका त्याच वस्तीतल्या नेमल्या, अलीगढ आणि जामिया विद्यापीठांना सोबत घेतलं, मशिदीतून इमामांनी सांगितलं. १३ जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा एकही नैसर्गिक रुग्ण निघाला नाही. त्या वस्त्यांत कोणी तरी जाऊन नीट बोललं म्हणून दारं उघडली.

आणि धर्माचा प्रश्न असेल तर मलेशियाने २०१० पासून ही लस शाळांतून मोफत द्यायला सुरुवात केली. तेरा वर्षांच्या मुलींना. बांगलादेशाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ढाका विभागापासून मोहीम सुरू केली. इंडोनेशियाही देतो. दीनदार लोक त्या देशांतही आहेत, आपल्यापेक्षा जास्तच असतील. लशीत जिवंत किंवा मेलेला विषाणूही नसतो, त्याच्या कवचासारखं प्रथिन यीस्टमध्ये तयार केलेलं असतं.

आणखी एक गैरसमज मी आपल्याच सुशिक्षित लोकांकडून ऐकला आहे, आणि एका डॉक्टरकडूनही. "आपल्यात खतना होते, त्यामुळे आपल्या बायकांना हा कॅन्सर होत नाही." याला थोडा आधार आहे म्हणून ते जास्त धोक्याचं. मुंबईतल्या जुन्या नोंदींत मुस्लिम स्त्रियांमध्ये हे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा कमी दिसत असे. २००२ साली पाच देशांच्या माहितीवरून, खतना झालेल्या पुरुषांत एचपीव्हीचा संसर्ग कमी आढळतो असंही प्रसिद्ध झालं. पण कमी म्हणजे नाही असा अर्थ होत नाही.

माझ्या चुलत बहिणीला तो झाला. तिला आम्ही सगळे आपा म्हणायचो. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि अंगावरून पाणी जायला लागलं. मग मधूनच डाग दिसायला लागले. जवळच्या एका दवाखान्यात ती सव्वा वर्ष जात राहिली. दर वेळी गोळ्या. एकदाही आतून तपासणी झाली नाही. तीही मागितली नाही, पुरुष डॉक्टर होते. पुण्याला नेलं तोवर तिसरी अवस्था होती. किरणांच्या उपचारासाठी ती आणि माझी भाची पुण्यात खोली घेऊन राहिल्या. शेवटच्या दिवसांत वास यायचा म्हणून तिने स्वतःच नातवंडांना खोलीत येऊ देणं बंद केलं. तिच्या वेळी लस नव्हती. तपासणी होती. ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहायची साधी तपासणी, जी प्रशिक्षित नर्सलाही करता येते. मुंबईत टाटा रुग्णालयाने झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर हे करून दाखवलं, मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. उस्मानाबाद जिल्ह्यात बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. (त्या अभ्यासात तुलनेसाठी ठेवलेल्या बायकांना तपासणी दिली नाही म्हणून पुढे बराच वाद झाला, आणि तो वाद रास्त होता.) हे सगळं महाराष्ट्रात सिद्ध झालं. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या शंभर बायकांत दोघींचीही ही तपासणी झालेली नव्हती.

आता दुसरी बाजू. डॉक्टरांनी सांगावं, असं मी म्हणतो तेव्हा लोकांनी डॉक्टरांवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही. आपल्याकडे विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांच्या फडांवर दर हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायकांना जाऊन विचारा, डॉक्टरच्या तोंडून "गर्भाशयाचा कॅन्सर" हे शब्द त्यांनी कधी ऐकले. २०१९ साली विधिमंडळात सरकारने सांगितलं की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भपिशवी खाजगी दवाखान्यांत काढली गेली. पंचवीस-तीस वर्षांच्या बायका. पांढरं जातंय म्हणून आलेल्या, पुढे कॅन्सर होईल अशी भीती घालून टेबलावर घेतलेल्या. ज्या डॉक्टरी व्यवसायाने कॅन्सरचं नाव घेऊन पिशव्या काढल्या, त्याच व्यवसायातला माणूस आता कॅन्सरची लस घ्या म्हणाला तर ती बाई काय समजेल? जुन्नरमधले आपल्याच समाजाचे एक तरुण डॉक्टर मला म्हणाले, "भाईजान, मैं बोलूंगा तो लोग बोलेंगे डॉक्टर कमाई के पीछे लगा है." प्रामाणिक डॉक्टरलाही त्या चार हजार सहाशे पिशव्यांची किंमत मोजावी लागते आहे.

दुसरी आठवण २००९-१० ची. आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत 'पाथ' नावाच्या अमेरिकी संस्थेने सरकारच्या मदतीने हजारो मुलींना ही लस दिली. सात मुलींचे मृत्यू झाले. एक बुडून, एक साप चावून, काही विषप्राशनाने, काही तापाने. लशीचा संबंध चौकशीत दिसला नाही. पण चौकशीत दुसरंच बाहेर आलं. आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सगळंच थांबवलं गेलं. त्यात पुणे आणि बार्शीसह देशातल्या अनेक केंद्रांवर चालू असलेला एक वेगळा अभ्यासही अडकला. त्यात कोणाला तीन डोस मिळाले होते, कोणाला दोन, कोणाला एकच. त्या एकच डोस मिळालेल्या मुलींचा दहा वर्षं पाठपुरावा झाला आणि एका डोसनेही जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळतं असं २०२१ मध्ये दिसलं. जागतिक आरोग्य संघटना आज एक डोस पुरेसा मानते त्यात या मुलींचा मोठा वाटा आहे. त्यांच्यातल्या काही पुण्याच्या आहेत, आता तिशीकडे आल्या असतील.

खम्ममची आठवण मी काढतो कारण घोडेगावला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे आणि त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत. उद्या सरकारी लस येईल तेव्हा या शाळा सर्वांत सोप्या वाटतील. दोनशे मुली एका जागी, एका दिवसात काम फत्ते. मुख्याध्यापक सही करून देतील. तसं होऊ देऊ नये. दिवाळीच्या, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पालक मुलींना न्यायला येतात. तेव्हा त्यांना बसवून, मराठीत, त्यांच्या बोलीत सांगा आणि त्यांची सही किंवा अंगठा घ्या. नाही म्हणाले तर नाही. लस सांगणं आणि लस लादणं यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने या कामात पडू नये.

पण लादण्याच्या भीतीने गप्प राहिलं तर काय होतं तेही जगाने पाहिलं आहे. जपानमध्ये २०१३ च्या एप्रिलमध्ये ही लस सरकारी कार्यक्रमात आली. काही मुलींना वेदना, आकडी असे त्रास झाल्याच्या बातम्या टीव्हीवर आल्या आणि जूनमध्ये सरकारने एक गोष्ट केली. बंदी घातली नाही. लस मोफतच होती, दवाखान्यांत उपलब्धही होती. फक्त सरकारने तिची शिफारस करणं थांबवलं. पालकांना पत्र जाणं बंद झालं. डॉक्टर "द्यायची असेल तर" म्हणू लागले. सत्तर टक्क्यांच्या आसपास असलेलं लसीकरण एक टक्क्याच्याही खाली गेलं. त्रासांचा लशीशी संबंध सिद्ध झाला नाही, शिफारस पुन्हा सुरू व्हायला एप्रिल २०२२ उजाडावा लागला. मधल्या वर्षांमुळे पुढे सुमारे पंचवीस हजार बायकांना टाळता आला असता असा कॅन्सर होईल आणि पाच हजारांहून जास्त मरतील, असा संशोधकांचा अंदाज आहे. लस हाताशी होती, फुकट होती. कोणी घ्या म्हणालं नाही एवढंच.

म्हणून सरकारी मोफत लस आली की सगळं होईल, असं जे मला बरेच डॉक्टर सांगतात ते मला पटत नाही. सिक्कीमने २०१८ साली ही लस शाळांतून दिली आणि ९५ टक्क्यांहून जास्त मुलींनी घेतली. पण तिथे आधी शिक्षकांना, नर्सना, आशांना बसवून शिकवलं होतं, पालक काय विचारतील आणि काय सांगायचं ते.

आपल्याकडे सांगायला जागा नाही असंही नाही. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस सरकारी वेळापत्रकात आहेच. सिस्टर ती टोचतात तेव्हा आईला दोन वाक्यं सांगता येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक गाडी घेऊन दरवर्षी शाळेत येतं, त्यात एक महिला डॉक्टर असते, प्रत्येक मुलीचं वजन-उंची-डोळे-दात तपासते. दहा ते चौदा वर्षांच्या मुलीला जिल्ह्यात कोणी डॉक्टर नाही असं मी वर म्हटलं. हीच ती डॉक्टर. तिच्या हातात मुलीसोबत घरी जाणारी एक चिठ्ठी द्या. खाजगी डॉक्टरांच्या संघटना जुन्नरला आहेत, मंचरला आहेत, डॉक्टर दिन साजरा करतात, रक्तदान शिबिरं घेतात. त्यांनी सगळ्यांनी मिळून एकच फलक दवाखान्यात लावायचं ठरवलं तर एकट्या डॉक्टरवर "कमाईच्या मागे लागला" असा आळ यायचा नाही.

आपल्या बाजूने करायचं तेही आहे. जुम्याच्या नमाजनंतर रक्तदानाची, पोलिओची घोषणा होते, ही पण होऊ शकते, "कॅन्सरची लस" एवढ्याच शब्दांत. बायकांच्या इज्तिमात सिस्टरला बोलावता येतं, तिथे त्या मोकळेपणी विचारतील. आणि डॉक्टर बोलत नसतील तर आपण विचारायचं, मुलीच्या पुढच्या तापाच्या वेळीच. माझ्या भाचीने, आपाच्या मुलीने, तिच्या अकरा वर्षांच्या लेकीसाठी असंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, मेडिकलमध्ये मागवावी लागेल, दोन दिवस लागतील. मागवली. कुपी दोन डोसांची होती, म्हणून शेजारच्या घरची मुलगी सोबत घेतली आणि खर्च निम्मा वाटून घेतला. दुसरा डोस सहा महिन्यांनी आहे, बकरी ईदनंतरच्या आठवड्यात. तेव्हाही एक कुपी आणि दोन मुली.